आवाज काढून दाखवा

चाचांच्या गॅरेजात गाडी नेली की ते आधी बॉनेट उघडत नसत. मालकाला समोरच्या स्टुलावर बसवत, स्वतः डोळे मिटून घेत आणि म्हणत, "हं, आवाज काढून दाखवा. तोंडानं."

माणसं लाजत. मी तिथं एका बँकेच्या मॅनेजरला "टक टक टक, मग जरा घर्रर्र" असं करताना पाहिलंय. एका पोलीस जमादाराला तर तीनदा आवाज काढावा लागला, कारण पहिले दोन चाचांना पटले नाहीत. "असा आवाज कोणच्याच गाडीत नसतो, साहेब. खरा काढा." अर्धापूरचे एक केळीवाले मात्र हुबेहूब काढत. त्यांच्या टेम्पोचा पट्टा गेलाय हे चाचांनी निव्वळ त्यांच्या तोंडून ऐकून सांगितलं होतं. टेम्पो अजून रस्त्यातच होता.

मी तेव्हा विष्णुपुरीच्या इंजिनिअरिंग कॉलेजात मेकॅनिकलला होतो आणि नांदेडला देगलूर नाक्याजवळ खोली घेऊन राहत होतो. चाचांचं गॅरेज खोलीच्या समोर. माझी सेकंडहँड मोटारसायकल महिन्यातून दोनदा बिघडायची, त्यामुळे ओळख झाली आणि ती तीस वर्षं, म्हणजे ते जाईपर्यंत, टिकली. ते मला "इंजिनेर" म्हणत. कॉलेजानं मला इंजिनाची आकृती काढायला शिकवलं. ऐकायला शिकवलं ते चाचांनी.

माणूस काटकुळा, पण कामावर पांढराशुभ्र शर्ट. तो संध्याकाळपर्यंत पांढराच कसा राहतो हे कुणाला उमगलं नाही. गॅरेजात रेडिओ लावायचा नाही. कुणी बोटांनी टेबल वाजवलं की ते उठून जात. कामाच्या दिवशी ते भाजलेले शेंगदाणे खात नसत, कारण "कानात कुरकुर राहून जाती." शेजारी एक पत्र्याच्या पेट्या बनवणारा होता. त्याला सकाळी पंधरा मिनिटं हातोडा थांबवायला लावत आणि त्याबद्दल रोज चहा पाजत. ही पंधरा मिनिटं थंड इंजिनासाठी असत. धावून आलेली गाडी ते तपासतच नसत. "गरम गाडी खोटं बोलती," म्हणत. गाडी ठेवून जायचं, आणि सकाळी ती पहिल्यांदा चालू होताना चाचा लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक इंजिनाला लावून मूठ कानाला टेकवत. डाव्या हाताची तर्जनी वर असे. ती खाली येईपर्यंत कुणी श्वाससुद्धा मोठ्यानं घ्यायचा नाही.

बोट खाली आलं की निकाल. बहुतेक वेळा तो एकच असे: "कायबी न्हाई. खुशाल न्या." हे ऐकायला लोक देगलूरहून, लोह्याहून येत. चाचांनी एकदा तसं म्हटलं की माणूस निर्धास्त व्हायचा. मी स्वतः परीक्षेच्या दिवशी सकाळी उगीच गाडी घेऊन जायचो, त्या तीन-चार शब्दांसाठी.

मी पास होऊन पुण्याला नोकरीला गेलो, आणि त्यानंतर त्र्याण्णवचा भूकंप झाला. दोन वर्षांनी परत आलो, नोकरी जमली नव्हती. चाचांकडे गेलो तर गॅरेज तेच, शर्ट तसाच पांढरा, स्टूल तेच. पण निकाल बदलला होता. "बरी हाय ना गाडी?" असं कुणी विचारलं की ते म्हणत, "आज मला जे ऐकू आलं ते सांगितलं. उद्याचं मला विचारू नका." गिऱ्हाईक चिडे. एवढं बघितलं, मग न्यायची का नाही ते तरी सांगा! चाचा हात पुसत राहत. काही जुनी गिऱ्हाइकं यायची बंद झाली. मीही कारण विचारलं नाही. त्या दिवसांत आमच्याकडे कुणी कुणाला भूकंपाचं विचारत नसे. ज्याला सांगायचं असेल तो सांगे.

मी लातूरला आलो आणि एका कोचिंग क्लासात फिजिक्स शिकवू लागलो. तेव्हा लातूरचं नाव गाजत होतं. सगळ्या मराठवाड्यातून, पुढं पुढं सगळ्या महाराष्ट्रातून पोरं येत. एकेका खोलीत चार-चार, आणि रस्त्यात जिकडंतिकडं टॉपरांचे फोटो. आमच्या क्लासचे मालक, त्यांना आम्ही सगळेच संचालक सर म्हणायचो, त्यांनी त्या भरात हैदराबादहून एक जुनी परदेशी स्पोर्ट्स कार आणली. दोनच सीटची, मोहरीच्या फुलासारखी पिवळी, टप उघडणारी. वय वीसच्या आसपास, आणि मीटर पावणेदोन लाख किलोमीटरच्या पुढं. सर तिला महिन्यातून एकदा बाहेर काढत, आणि निकालाच्या वेळी टॉपरला तीत बसवून मिरवणूक काढायची असं त्यांनी ठरवून टाकलं होतं.

त्या वर्षी मेडिकलच्या प्रवेश परीक्षेत आमची एक मुलगी राज्यात वरच्या नंबरात आली. जळकोटकडची, वडील शेती करणारे. मिरवणूक पुढच्या रविवारी ठरली. आणि त्याच आठवड्यात गाडी सकाळी चालू करताना आवाज करू लागली. खड्‌खड्‌खड्‌, तीन सेकंद, मग शांत. लातूरच्या दोन मेकॅनिकांनी टॅपेट आहे, वरचे व्हॉल्व्ह जरा ढिले झालेत म्हणून सांगितलं, चालू द्या म्हणाले. पण मला तो आवाज आवडला नाही. तो इंजिनाच्या माथ्यातून नाही, पुढच्या पोटातून येतोय असं वाटत होतं. मी संचालक सरांना म्हटलं, नांदेडला दाखवून आणतो.

"बुधवारी न्या, शनिवारी आणा," सर म्हणाले. "रविवारी तीच गाडी लागणार. बॅनरवर फोटो छापलाय."

चाचांनी गाडीकडे पाहिलंसुद्धा नाही. मला स्टुलावर बसवलं. मी आवाज काढून दाखवला. वयाच्या चाळिशीत, पोटावर हात ठेवून. चाचांनी डोळे उघडले.

"पुन्हा काढा. शेवटचा तुकडा."

मी काढला. त्यांनी गाडी लगेच आत घ्यायला लावली.

गुरुवारी सकाळी शेजारचा हातोडा थांबला. मी किल्ली फिरवली. खड्‌खड्‌खड्‌. बोट वर राहिलं. तीन सेकंद नव्हते, पाच होते. चाचांनी मग पुढचा पट्टा काढून टाकला. डायनॅमो, पाण्याचा पंप, सगळं त्या पट्ट्यावर फिरतं, आणि आवाज त्यातल्या एखाद्या बेअरिंगचा असेल तर पट्ट्याविना तो जाईल. इंजिन पुरतं थंड होईस्तोवर आम्ही दुपारपर्यंत थांबलो आणि पुन्हा चालू केलं. आवाज तसाच.

"टॅपेट न्हाई. बेअरिंग न्हाई," चाचा म्हणाले. "चैन हाय, इंजिनेर."

टायमिंग चैन म्हणजे इंजिनाच्या आतली साखळी. पिस्टन कधी वर यायचा आणि व्हॉल्व्ह कधी उघडायचे याचा मेळ तीच राखते. ती ताणून ठेवायला एक टेन्शनर असतो, तो ऑइलच्या दाबावर चालतो. गाडी रात्रभर उभी राहिली की ऑइल खाली उतरतं, टेन्शनर ढिला पडतो, आणि सकाळी पहिले दोन-चार सेकंद सैल साखळी आपटते. साखळी एखादा दात सोडून सरकली तर मेळ जातो, आणि पिस्टन थेट उघड्या व्हॉल्व्हवर आदळतो. मग इंजिन भंगारात.

शुक्रवारी त्यांनी इंजिनाखालचं ऑइलचं चेंबर उतरवलं. ऑइलच्या जाळीत तपकिरी प्लास्टिकचे तुकडे अडकले होते, फुटलेल्या बांगडीसारखे. साखळी ज्या गाईडवर घासून फिरते त्याचे ते तुकडे. चाचांनी वर्तमानपत्रावर एकेक तुकडा जोडत नेला. सगळे लावून झाले तरी मध्ये चार बोटांची जागा रिकामी राहिली.

"हे अजून आतच कुठंतरी हाय," ते म्हणाले.

साखळीचा सेट मुंबईहून मागवावा लागणार होता. बारा दिवस. शनिवारी सकाळी त्यांनी जाळी साफ करून, नवं ऑइल भरून चेंबर परत बसवलं, आणि मी तो प्रश्न विचारला जो विचारायला नको होता.

"चाचा, एक दिवस चालेल ना? लातूरपर्यंत जायचं, उद्या दोन किलोमीटरची मिरवणूक. बस."

"हिच्या मनात आलं तर वर्षभर चालंल. न्हाईतर त्या नाक्यापर्यंतबी न्हाई जाणार."

"पण तुमचा अंदाज?"

"अंदाज मी सांगत न्हाई."

तेवढ्यात संचालक सरांचा फोन आला. त्यांच्या आवाजात निकालाच्या आठवड्यातली घाई होती. "निघालात का? मिस्त्री काय म्हणतो?" माझ्या मुलाची फी त्याच क्लासात माफ होती, घर क्लासच्या पगारावर चाललेलं. हे सगळं त्या एका क्षणात आठवलं असं मी म्हणणार नाही. मी फक्त म्हणून गेलो, "मिस्त्री म्हणतात, काही नाही. खुशाल न्या."

फोन ठेवला. चाचा तीन हातांवर उभे होते. शेजारचा हातोडा थांबलेलाच होता.

चाचांनी हौदावर जाऊन हात धुतले, साबण लावून, दोनदा. आत जाऊन दुसरा पांढरा शर्ट घालून आले, हत्यारांची पिशवी घेतली, डोक्याला रुमाल बांधला आणि माझ्या शेजारच्या सीटवर येऊन बसले. गॅरेजामागच्या घरातून चाचींनी विचारलं, "किधर?" ते म्हणाले, "लातूर." बस्स.

"चालू करा," मला म्हणाले. "आता लातूर येईस्तोवर बंद करायची न्हाई. जे काय व्हायचं ते चालू करताना होतंय."

गाडी चालू झाली. सात सेकंद खडखडाट. मी ते मोजले.

ती सफर मला अजून आठवते. टप उघडा, ऊन, आणि चाचा डॅशबोर्डवर पंजा ठेवून डोळे मिटून बसलेले. मध्येच बोलत ते फक्त हुकूम. "पाय एकदम सोडू नका, चैन सैल पडती." "उतारावर खालचा गिअर नका टाकू." लोह्याच्या पुढं एका ट्रकनं कट मारला, मी ब्रेक दाबला, इंजिनानं आचका दिला, बंद पडतंय की काय असं वाटलं, आणि मग पुन्हा लय धरली. अहमदपूरला पोलिसांनी नाकाबंदीत अडवलं. अशी गाडी पाहून कुणीही अडवलीच असती.

"गाडी बंद करा. कागद दाखवा."

"कागद घ्या साहेब, पर बंद नका करायला लावू," चाचा म्हणाले.

"का? चोरीची हाय का?"

चाचा खाली उतरले आणि त्या शिपायाला सगळं समजावून सांगू लागले, साखळी, टेन्शनर, जाळीतले तुकडे. शिपाई पाच मिनिटं ऐकत राहिला आणि शेवटी हात जोडून म्हणाला, "जा बाबा."

चाकूर मागं पडल्यावर ते आपणहून बोलले. समोर बघत.

"माझी धाकटी बहीण औशाकडं दिली होती. भूकंपाच्या आदल्या साली तिथं जमिनीतून आवाज यायचे. गुडगुड. लोक भिऊन बाहेर झोपायचे. बहिणीनं मला बोलावलं. म्हणली, भाईजान, तुमचे कान चांगले हायत, तुमी ऐका. मी गेलो. दोन दिवस ऐकलं. अंगणात पडून, जमिनीला कान लावून. दोन दिवस कायबी आलं न्हाई. मी म्हटलं, कायबी न्हाई, खुशाल आत झोपा. दगडामातीचं घर होतं." त्यांनी पंजा डॅशबोर्डवर पुन्हा नीट टेकवला. "ती, तिचा नवरा, दोन लेकरं."

मी गाडी चालवत होतो. मान वळवून त्यांच्याकडे बघायची माझी हिंमत झाली नाही.

"तुमी माझ्या नावानं बोलले आज," ते म्हणाले. "म्हणून आलो."

लातूरला पोचलो. शनिवारी क्लासच्या आवारात गाडी बंद केली, रविवारी सकाळी चाचांनी स्वतः चालू केली. नऊ सेकंद. संचालक सरांनी ऐकलं आणि माझ्याकडे बघून हसले. "जुनी गाडी आहे, आवाज करणारच."

मिरवणुकीत पुढं डीजेचा ट्रक, मग पोरं, मग गाडी. चालवत मी होतो, शेजारी फेटा बांधलेली ती मुलगी, आणि तिचे वडील बाजूनं दाराला धरून चालत होते, कारण तिसरी सीट नव्हती. दुसऱ्या बाजूला चाचा, पंजा बॉनेटवर. ऊन चढत होतं आणि तापमानाचा काटाही. मुलगी मला हळूच म्हणाली, "सर, तुम्हाला बरं वाटत नाही का?"

शिवाजी चौकाच्या अलीकडे डीजेनं आवाज वाढवला. दुकानांच्या काचा थरथरू लागल्या, रस्ता पायाखालून हलतोय असं वाटत होतं. मी चाचांकडे पाहिलं. त्यांचा चेहरा राखेसारखा झाला होता. त्यांनी पंजा काढला, कान बॉनेटला लावला, पुन्हा काढला. मग ते माझ्या दाराशी आले, दारावरून हात घातला आणि किल्ली फिरवली.

इंजिन बंद झालं. पाच-पन्नास माणसं आमच्यावर येऊन थबकली.

"उतर बेटा," चाचा मुलीला म्हणाले.

संचालक सर धावत आले. "काय झालं? काय आवाज आला?"

"कायबी आला न्हाई. मला ऐकूच येईना. ऐकू येत न्हाई तवर मी लेकराला बसू देणार न्हाई."

आता विचार केला तर सरांचंही चुकीचं नव्हतं. त्या वेगात चैन तुटली असती तर गाडी जागेवर थांबली असती, फार तर पुढच्या उतारावर ब्रेक जड झाले असते. माणूस मरावा असं काही नव्हतं. सर तेच ओरडून सांगत होते. चाचा दार धरून उभे होते. मग मुलगी आपणच उतरली. वडिलांचा हात धरून चालू लागली, आणि मिरवणूक तिच्यामागं गेली. पोरांनी गाडी ढकलत क्लासच्या आवारात नेली.

दुपारी चाचांनी टॅपेट कव्हर आणि पुढचं कव्हर उघडलं. संचालक सर डोक्यावर उभे. साखळी तुटलेली नव्हती. मेळ दाखवणाऱ्या दातांवरच्या खुणा अजून जागेवर होत्या. टेन्शनर शेवटच्या खाचेपर्यंत बाहेर आलेला, आणि साखळीनं कव्हराला आतून बोटभर चर पाडलेला. हरवलेला तुकडा खालच्या दातेरी चाकाशेजारी अडकून बसला होता.

"म्हणजे चाललं असतं," सर म्हणाले.

"क्या की," चाचा म्हणाले. आमच्याकडे दख्खनीत त्याचा अर्थ, कोण जाणे.

"मग काल तुम्हीच म्हणालात ना, काही नाही, खुशाल न्या?"

चाचांनी वर पाहिलं नाही. तुकडा कपड्यानं पुसत राहिले. ते खरं सांगणार नव्हते, मला ते कळत होतं. त्यांनी मला तिथं तसंच वाचवलं असतं.

"ते म्हणाले नव्हते, सर," मी म्हणालो. "मी म्हणालो. यांच्या नावावर."

संचालक सर मोबाइल कानाला लावून निघून गेले. पुढं त्यांनी मला काढलं नाही, पण त्यानंतर टॉपरांची बॅच माझ्याकडे कधी दिली नाही. बारा दिवसांनी साखळी आली, चाचांनी लातूरला येऊन दोन दिवसांत बसवली, आणि सकाळी इंजिन शिवणयंत्रासारखं चालू झालं. ती गाडी सरांनी पुढं कुणाला तरी विकली.

पण त्या रविवारी आम्ही दोघं संध्याकाळच्या एसटीनं नांदेडला निघालो. मी त्यांना सोडायला म्हणून गेलो. एसटी जुनी होती, खिडक्या वाजत होत्या, गिअर टाकला की खालून काहीतरी ओरडायचं. अहमदपूरपर्यंत मी शब्द जुळवत होतो. शेवटी म्हणालो, "चाचा, चुकलो. माफ करा."

त्यांनी वाजणारी खिडकी हातानं दाबून धरली.

"चुकले तर चुकले," म्हणाले. "तुमी खोटं बोलले, पण मग त्याच गाडीत बसून आले. त्या लेकराला घेऊन सोता चालवली." त्यांनी डोक्याचा रुमाल सोडला, घडी घातली, मांडीवर ठेवला. "मी तिला आत झोप म्हणलो, आन् दुसऱ्या दिवशीच्या एसटीनं नांदेडला परत आलो होतो. गॅरेजात काम पडलं होतं."

मग त्यांनी मला विचारलं, त्या मुलीचं गाव कोणतं. मी सांगितलं. ती आता डॉक्टर होणार का, किती वर्षं लागतात, हॉस्टेलात राहावं लागतं का, असं एकेक विचारत राहिले. मी सांगत राहिलो. लोहा आलं तेव्हा ते विचारत होते की डॉक्टर छातीला नळी लावतात तेव्हा त्यांना नक्की काय ऐकू येतं.